ओसरीवरून आलेला शब्द

हे गेल्यावर त्यांचा मोबाइल मी चार्ज करत राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. फोन करणारं कुणी उरलं नव्हतं. ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं होतं. तरी रोज दिवेलागणीला मी तो प्लगला लावायची, पडदा उजळला की बरं वाटायचं, आणि मग तो तिथंच पडून असायचा.

आमचं राहतं घर लातूरचं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली, हे शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर यांना गावाची ओढ लागली. नायगाव तालुक्यातलं यांचं गाव, थोडी शेती, वर स्लॅब टाकलेल्या दोन खोल्या. आठवड्यातले निम्मे दिवस हे एसटीनं गावी जायचे. आधी शेत बघायला म्हणून, पुढं बायकांच्या वाचनवर्गासाठी. शाळेत कधी न गेलेल्या, किंवा जाऊन सोडलेल्या बायका समाजमंदिरात जमायच्या. मी लातूरलाच असायची. माझी पुस्तकं तिथं होती.

यांचं सगळं करायला गावी गेले आणि तेराव्यानंतर मला लातूरच्या घरात परत जाववेना. कपाटातली पुस्तकं जागची हलणार नव्हती. गावातल्या बायका दुपारी येऊन बसायच्या. फारसं बोलायच्या नाहीत, कुणी तुरीच्या शेंगा आणून सोलत बसायची. त्यांत एक होत्या, नात्यानं माझ्या चुलत जाऊ. वयानं मोठ्या, उंच, कापूस वेचून बोटं चिरलेली. एके दिवशी शेंगांची टरफलं पदरात गोळा करत त्यांनी विचारलं,

"जाऊबाई, आता वर्ग बंदच समजायचा का?"

मी सोललेले दाणे सुपात एका बाजूला सारले.

"न्हाई, तुमचं दुःख लई मोठं हाय, ते कळतंय. पर मला यंदा मार्गशीर्षाच्या आत वाचायला यायलाच पाहिजे. भाऊजींनी तसं म्हटलं व्हतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मार्गशीर्षातले गुरुवार त्या लग्न झाल्यापासून करत आल्या होत्या. पाटावर कलश मांडायचा, दिवसभर उपास, आणि संध्याकाळी छोट्या पुस्तकातली कहाणी वाचायची. वाचायला शेजारची दहावी झालेली सून यायची. ती गल्लीतल्या चार घरी वाचायची, म्हणून कधी उशिरा यायची, कधी एका दमात वाचून पळायची. "अशी वाचायची की जणू बस सुटून राहिली." यंदा ती सूनही नव्हती, नवऱ्याला डाळ मिलमध्ये काम लागलं म्हणून दोघं लातूरला गेली होती. पुण्याचा मुलगा म्हणाला होता, मोबाइलवर लाव की कहाणी, सगळ्या असतात.

"म्या म्हणलं, मोबाइल काय उपास धरतो का? उपास माझा हाय, तर तोंडबी माझंच पाहिजे."

दिवाळी होऊन गेली होती. हातात फार दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांचा मोबाइल घेऊन मी समाजमंदिरात गेले.

वर्ग कसा चालतो ते मला माहीत नव्हतं. फळ्यावर अक्षरं काढायची एवढंच मी धरून चालले होते. बायकांनीच मला शिकवलं. हे पूर्वी फळ्यावरच शिकवायचे, पण अलीकडे त्यांनी इंटरनेटवरच्या फुकट मिळणाऱ्या गोष्टी गोळा केल्या होत्या. गावात नेटवर्क फक्त मारुतीच्या पायऱ्यांवर येतं, म्हणून लातूरच्या घरी वाय-फायवर बसून ते सगळं उतरवून घ्यायचे. रविवारी दुपारी खुर्चीत बसून हे मोबाइलमध्ये एवढं काय बघतात, असं मला वाटायचं. ते आता माझ्या हातात होतं.

त्यात एक वाचनाचं ॲप होतं. पडद्यावर गोष्टीचं एक एक वाक्य मोठ्या अक्षरात येई आणि कोपऱ्यात एक खारूताई कान टवकारून बसे. वाचणारीनं मोठ्यानं वाचायचं. शब्द बरोबर आला की तो निळा होई, पुढचा शब्द वाट बघे. अडलं तर शब्दावर बोट ठेवायचं, मग खारूताई तो म्हणून दाखवी. पण तिनं म्हटला तरी आपण म्हटल्याशिवाय पान उलटत नसे. गोष्ट पुरी झाली की चांदण्या पडत आणि पुढची, थोडी अवघड गोष्ट उघडे.

बायकांचं आणि खारूताईचं चांगलं जमलं होतं. ती रागवत नव्हती आणि थकत नव्हती. सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी म्हणजे आत्या. सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. तोंडात कायम मिश्री. ती खारूताईला दटावायची, "जरा दम धर की गं, वाचून राहिले न मी." आणि शब्द निळा झाला की मागं वळून सगळ्यांकडे बघायची.

ॲप उघडलं की पहिल्या पानावर यांचं नाव यायचं. यांनी कधीतरी टाकून ठेवलेलं. नमस्कार, आणि पुढं नाव. मी पटकन बोट लावून ते पान घालवायची.

चुलत जाऊ झपाट्यानं पुढं जात होत्या. दिवसभर कापूस वेचून आलेल्या, डोळ्यांवर झोप, तरी पहिला नंबर त्यांचा. मग एका गोष्टीवर येऊन त्या थांबल्या. एका पोराची आणि त्याच्या हरवलेल्या शेळीची गोष्ट होती. पहिल्याच वाक्यात पोराचं नाव. तिथं आल्या की त्या गप्प. खारूताई कान हलवत वाट बघायची. त्या शब्दावर बोट ठेवायच्या, खारूताई म्हणून दाखवायची, आणि या पदर सारखा करून पुढचा शब्द वाचायला लागायच्या. ॲप त्यांना परत मागं आणायचं.

मला वाटलं जोडाक्षर अडतंय. मी फळ्यावर ते अक्षर सुटं करून लिहिलं, तशाच जोडणीचे दुसरे शब्द दिले. ते सगळे त्यांनी घडाघडा वाचले. परत मोबाइल दिला, परत गप्प. दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्यांना म्हटलं, घाई करू नका, येईल. बाकीच्या बायका खाली माना घालून बसल्या होत्या. त्या हसत होत्या हे मला उशिरा कळलं.

तिसऱ्या संध्याकाळी उलगडा झाला. चुलत जाऊंचे मालक त्यांना न्यायला आले होते, हातात बॅटरी. ते कमी बोलणारे गृहस्थ. बायकोच्या या शिकण्याबद्दल त्यांनी बरं म्हटलं नव्हतं आणि वाईटही म्हटलं नव्हतं. समाजमंदिराच्या दाराबाहेर चपला काढाव्या की नाही अशा विचारात ते उभे होते. आत चुलत जाऊंनी नेहमीप्रमाणे त्या शब्दावर बोट ठेवलं आणि खारूताईनं मोठ्या, स्वच्छ आवाजात पोराचं नाव घेतलं.

"हाव, आलो की," मालक बाहेरून म्हणाले.

आतलं हसू किती वेळ थांबलंच नाही. आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. चुलत जाऊंनी पदरात तोंड घातलं. मालक दारात येऊन विचारू लागले, "कोण हाक मारलं मला?" तेव्हा तर एक बाई उठून बाहेरच गेली.

"बाई, तुम्ही लातूरच्या," आत्या मला म्हणाली, "तुम्हाला काय ठावं. नवऱ्याचं नाव हाय ते. ती कशी घील?"

मी फळ्याकडे बघत राहिले. त्यावर अजून माझी जोडाक्षरं होती.

"मग मला सांगायचं नाही का?" मी चुलत जाऊंना विचारलं.

"सांगायचं म्हणलं तरी नाव घ्यावंच लागतंय की," त्या म्हणाल्या.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सून म्हणून या गावात आले तेव्हा मीही यांना अहो म्हणायची. पण लातूरला, दार लावलं की, नावानं हाक मारायची. आम्ही एका वर्गात शिकलेले. दुसरं काही जमलंच नसतं. इतक्या वर्षांत माझ्या लेखी तो रिवाज मागं पडला होता. इथं तो चालू होता.

आत्यानं तोडगा काढला. उखाण्यात नाव घेता येतं, लग्नात सगळ्याच घेतात, तर गोष्टीतही उखाणा घालून वाच. चुलत जाऊंनी जरा विचार केला आणि दाराकडे पाठ करून खारूताईला ऐकवलं, "तुरीच्या शेंगेला दाणे चार, अमुकरावांनी अडवलं दार." अमुकच्या जागी खरं नाव होतं, ते मी लिहीत नाही. एका शब्दाची वाट बघणाऱ्या खारूताईला दोन ओळी मिळाल्या. ती डोळे मिचकावत राहिली आणि शब्द काही निळा झाला नाही.

"तिला उखाणा कळत न्हाई," आत्या म्हणाली. "बिनलग्नाची हाय."

त्यानंतर मी एक केलं. यांच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या एका फुकट ग्रंथालयाच्या गोष्टी होत्या. त्या नुसत्या वाचायच्या नव्हत्या. आपल्याला हवा तसा मजकूर बदलून वापरायलाही परवानगी होती. ग्रंथालयात इतकी वर्षं काढलेल्या मला ते आधी पचेना. पुस्तकात पेन्सिलची रेघ मारली तरी आम्ही मुलांना बोलायचो. पण शेळीची ती गोष्ट त्यातही होती. मारुतीच्या पायरीवर बसून मी तिच्यातल्या पोराचं नाव बदललं आणि नायगावला जाऊन प्रती काढून आणल्या. संध्याकाळी वाचायला दिली तर आत्या गप्प. नवं नाव तिच्या सासऱ्यांचं होतं. परत बदललं. ते एकीच्या थोरल्या दिराचं निघालं. धाकट्या दिराचं चालतं, थोरल्याचं नाही. शेवटी मी सगळीकडे नुसतं 'पोरगा' केलं. पोरगा शेळी शोधत गेला. सगळ्यांनी ती गोष्ट सुरळीत वाचली.

त्या दिवसांत मी लातूरला जाण्याचा विचार पुढं ढकलत होते. सकाळी उठल्यावर आज कुठला मजकूर बदलायचा याचा विचार आधी यायचा, बाकीचे विचार मागून. ते मागून येत होते हेच पुष्कळ होतं.

एक दिवस चुलत जाऊ सगळ्यांच्या आधी आल्या. मोबाइल मी त्यांच्या हातात दिला आणि सतरंजी पसरायला वळले. मागून त्यांनी अडखळत वाचलं, "नम-स्कार." आणि पुढं यांचं नाव. पूर्ण, स्पष्ट.

कितीतरी दिवसांनी ते नाव मी माणसाच्या आवाजात ऐकत होते. लोक भाऊजी म्हणायचे, गुरुजी म्हणायचे. मी हे म्हणायची.

"हे तर भाऊजी," त्या म्हणाल्या. "धाकल्या दिराचं नाव घ्यायला मला मनाई न्हाई." मग माझ्याकडे बघून, "चुकलं का वाचायला?"

"नाही. बरोबर वाचलं."

"तुम्ही तर लातूरला नावानं हाक मारायच्या म्हणे."

"हो."

"मग आता कामून घेत न्हाई?"

मी सतरंजीचं टोक ओढून सरळ केलं. घेतलं तर आवाज फुटेल, एवढंच कारण होतं, आणि ते रिवाजापेक्षा मोठं नव्हतं. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

मार्गशीर्ष चार दिवसांवर आला तेव्हा त्यांनी कमरेला खोचलेलं कहाणीचं पुस्तक काढलं. पातळ, पिवळ्या कागदाचं, अक्षरं बारीक. मी पानांचे फोटो काढले. फोटोतला छापील मजकूर वेगळा काढून मोठा करणारं एक फुकटचं साधन यांनी उतरवून ठेवलं होतं. त्यानं काही अक्षरं चुकवली, ती मी दुरुस्त केली. मग चुलत जाऊ रोज मोबाइलवर मोठ्या अक्षरांत वाचायच्या आणि तेच पान लगेच पुस्तकात बघायच्या. बोट एका शब्दावरून दुसऱ्यावर. पहिल्या दिवशी अर्धं पान. मग एक. मग न थांबता दोन.

कहाणीत मात्र तेच नाव होतं. मालकांचं नाव देवाचं, आणि कहाणीतल्या देवीबरोबर तो देव येतोच.

"गोष्टीसारखं इथंही बदलून देऊ का?" मी विचारलं.

"पोराचं नाव बदललं ते ठीक. देवाचं कसं बदलायचं?"

"मग गाळणार?"

"कहाणीतला देव गाळून कहाणी ऱ्हायली का?"

"शेजारची सून वाचायची तेव्हा बरं होतं, तिचा नवरा दुसऱ्या नावाचा," आत्या म्हणाली.

"मग काय करणार?" मी पुन्हा विचारलं. मला खरंच काळजी लागली होती. इतकं सगळं करून एका शब्दापाशी त्या बायकांसमोर अडल्या असत्या, तर पुढल्या गुरुवारी मोबाइलवरच कहाणी लावावी लागली असती. आणि पुढच्या वर्षीही.

"बघू तवा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

पहिल्या गुरुवारी मी जाणार नव्हते. सवाष्णींचं व्रत, मी कशाला. चुलत जाऊ दुपारीच बोलवायला आल्या, बरोबर आत्या, तिचाही नवरा कधीचाच गेलेला. मी काही म्हणायच्या आत आत्या म्हणाली, "मीबी जाते. दाराशी बसते. कहाणी ऐकायला कुणाची मनाई? आणि चुकली तर सांगणार कोण, खारूताई?"

त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. आतल्या खोलीत पाटावर कलश मांडला होता, पाच झाडांची पानं, समई. गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. वर्गातल्या होत्या, न येणाऱ्याही होत्या. आत्या आणि मी दाराशी. दाराबाहेर ओसरीवर मालक खांबाला टेकून तंबाखू मळत बसले होते, तोंड रस्त्याकडे.

चुलत जाऊंनी आंघोळ करून काठापदराची साडी नेसली होती. पुस्तक पाटाला लावून, हात जोडून उघडलं. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि वाचायला लागल्या. आवाज बारीक होता, मग मोठा झाला. त्या हळू वाचत होत्या. शेजारची सून एका दमात उरकायची, तिच्या कहाणीत राजा कुठं गेला आणि राणी कशानं रुसली हे कुणाच्या ध्यानात राहत नसे. आज एक एक शब्द सुटा पडत होता आणि बायका ऐकत होत्या. एकजण मधेच म्हणाली, "अगं बाई, असं व्हतं होय ते."

पान उलटलं. त्या पानावर वरून तिसऱ्या ओळीत तो शब्द होता. मला पाठ होतं. त्या दुसऱ्या ओळीपर्यंत आल्या. तिसरी ओळ सुरू केली. बोट त्या शब्दाखाली गेलं आणि थांबलं.

सगळ्यांना माहीत होतं तिथं काय आहे. मी म्हणू शकले असते. मला मनाई नव्हती. तोंड उघडलंही. पण ती कहाणी त्यांची होती, आणि मी मधे पडले असते तर ती शेजारच्या सुनेची झाली तशी माझी झाली असती. चुलत जाऊंचं बोट पुस्तकावरच होतं. त्यांनी मान वर केली नाही.

ओसरीवर तंबाखू मळण्याचा आवाज थांबला. मग मालकांनी, रस्त्याकडंच तोंड ठेवून, स्वतःचं नाव घेतलं. शाळेत हजेरी घेताना घेतात तसं, नुसतं नाव. आणि म्हणाले,

"हं, वाच पुढं."

कुणी हसलं नाही. चुलत जाऊंचं बोट पुढच्या शब्दावर गेलं आणि त्या वाचू लागल्या. पुढं तो शब्द आणखी काही वेळा आला. दर वेळी बोट थांबायचं, ओसरीवरून नाव यायचं, वाचन पुढं जायचं. दोन-तीन वेळा झाल्यावर त्यांना थांबावंही लागेना. ओळ जवळ आली की मालक तयार असायचे. शेवटच्या वेळी ते जरा आधीच बोलले.

"दम धरा," त्या पुस्तकातून मान न काढता म्हणाल्या. "अजून एक शब्द हाय मधे."

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. मालकही, पाठमोरेच.

कहाणी पुरी झाली. आरती झाली. प्रसाद वाटताना त्या माझ्यापाशी आल्या, हातात केळं ठेवलं. "चांदण्या पडल्या का, बाई?" वर्गाबाहेर त्यांनी मला पहिल्यांदाच बाई म्हटलं. मी मान हलवली. आत्या मालकांना म्हणाली, "इतकी वर्षं ओसरीवर बसता, आज कामाला आला."

"पुस्तकात माझंच नाव लिहून ठिवलंय, म्या काय करू?" मालक म्हणाले आणि तंबाखू झटकली.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सतरंजी अपुरी पडली. गुरुवारी कहाणी ऐकलेल्या, वर्गाला कधी न आलेल्या बायका आल्या होत्या. काही नुसत्या बघायला, काही आपापली पातळ पुस्तकं घेऊन. चुलत जाऊ एकीला खारूताईशी कसं बोलायचं ते समजावत होत्या. मी मोबाइल सुरू केला आणि पहिल्या पानावरून बोट फिरवणार, एवढ्यात पुढं बसलेल्या नव्या बाईनं पडद्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय, बाई?"

खोलीत बायका आपसात बोलत होत्या. चुलत जाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर परत आपल्या शिष्येकडे वळवली. मी नमस्कार हा शब्द वाचला. मग त्याच्या पुढचा. आवाज मधे थोडा दबला, पण शब्द पुरा झाला.

"आता तुम्ही वाचा," मी म्हटलं आणि मोबाइल तिच्यापुढं सरकवला.